एक वीत कमी

"जागा आहे. सोडा."

"परत."

"जागा आहे, सोडा."

"मध्ये थांबायचंय. घाई करू नका. परत म्हणा."

द्वारका शिगवणने सव्विसाव्यांदा तेच वाक्य म्हटलं. घरघर ध्वनिमुद्रणात येते म्हणून खोलीतला एसी बंद ठेवला होता आणि तिच्या पाठीवरून घामाची धार उतरत होती. समोर हेडफोन लावून बसलेल्या नाझनीन चौगुलेला घाम येत नव्हता. निदान तसं दिसत नव्हतं. तिने पाण्याची बाटली स्वतःच्या बाजूला ओढून ठेवली होती.

द्वारकाला अठ्ठावन्न वर्षं पूर्ण होत होती. त्यातली तेहेतीस तिने या केमिकल कंपनीच्या टँकफार्मवर, म्हणजे ॲसिडच्या टाक्या उभ्या असलेल्या आवारात काढली होती. महिनाअखेरीला ती निवृत्त होणार होती, पण तिचा आवाज कंपनीला ठेवून घ्यायचा होता. त्याला कारण होतं. गुजरातपासून गोव्यापर्यंतच्या हायवेवर ॲसिडचे टँकर चालवणाऱ्या ड्रायव्हरांत एक गोष्ट ठरून गेली होती: शिगवणताईने "जागा आहे, सोडा" म्हटलं की दुसऱ्या कुणाला विचारायचं नाही, व्हॉल्व्ह उघडायचा. आता टाक्यांवर नवं यंत्र बसलं होतं. टाकीत जागा आहे की नाही हे यापुढे यंत्र सांगणार होतं आणि ड्रायव्हरांनी त्याच्यावर विश्वास ठेवावा म्हणून ते द्वारकाच्या आवाजात बोलणार होतं.

"तू रसूलभाईंची ना?" तिसाव्या खेपेनंतर द्वारकाने विचारलं. उत्तर तिला ठाऊक होतं. ही मुलगी आठ महिन्यांपूर्वी यंत्र घेऊन गेटातून आत आली तेव्हाच तिने ओळखली होती. तीच रुंद कपाळपट्टी, तेच मान किंचित वाकडी करून ऐकणं.

"मला तू म्हणू नका, द्वारकाबाई."

"लहान असताना डबा घेऊन यायचीस. पेरू तोडून द्यायचे मी."

"तेव्हा म्हणत होतात तू. तेव्हा अब्बांना दोन डोळे होते." नाझनीनने हेडफोन सारखा केला. "परत म्हणा."

*

हे यंत्र म्हणजे फार गुंतागुंतीची गोष्ट नव्हती. टाकीच्या बाहेरच्या अंगाला, तळापासून वरपर्यंत, बोटभर रुंदीच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. दर दोन सेकंदांनी त्या टाकीच्या पत्र्याला अगदी हलका ठोका देत आणि त्याचा नाद ऐकत. भरलेला हंडा आणि रिकामा हंडा वाजवला तर कोणता भरलेला हे डोळे मिटूनही कळतं, तसंच. फक्त या टाक्यांना आतून रबराचं जाड अस्तर होतं, कारण हायड्रोक्लोरिक ॲसिड उघडं लोखंड खाऊन टाकतं. रबरामुळे नाद बसका होई. पंचवीस वर्षांच्या जुन्या अस्तराला कुठे फुगवटे होते, कुठे ठिगळं होती. त्यामुळे प्रत्येक टाकीचा नाद वेगळा होता आणि कोणत्या नादाचा अर्थ किती पातळी, हे कुठल्याच पुस्तकात मिळणार नव्हतं. ते यंत्राला शिकवावं लागणार होतं.

शिकवायची सरळ पद्धत म्हणजे टाकी पूर्ण रिकामी करायची आणि मोजून भरत जायची. पण उत्पादन थांबवायला कंपनी तयार नव्हती. मग दुसरा मार्ग काढला. सहा महिने पट्ट्या नुसत्या ऐकत राहिल्या आणि ऑपरेटर नेहमीसारखे टाकीवर चढून, प्लॅस्टिकची काठी आत सोडून, पातळी पाहून वहीत लिहीत राहिले. यंत्राने नाद आणि वहीतला आकडा शेजारी शेजारी ठेवले. हजारो नाद, हजारो आकडे. सहा महिन्यांनी त्याला काठीची गरज उरली नाही.

मग टँकर आणि टाकी आपसांत बोलू लागले. टँकर गेटाशी आला की स्वतःत किती माल आहे ते सांगे, टाकी स्वतःत किती जागा आहे ते सांगे. दोघांचं जमलं की भोंग्यातून द्वारकाचा आवाज येई आणि पंप सुरू होई. ठरलेली रेघ आली की पंप आपोआप बंद. यंत्राचं खरं नाव कागदावर लांबलचक होतं. ड्रायव्हर त्याला ताई म्हणायला लागले.

द्वारकाला ते ऐकून कसंसंच होई. पूर्वी या आवारात किती माणसं असत. माल उतरवायला दोन तास लागत आणि त्या दोन तासांत वापीच्या ड्रायव्हरची मुलगी कशी नापास झाली, कुणाच्या बायकोचं कुणाशी पटत नाही, सगळं कळे. गाळाच्या खड्ड्याशेजारी, जिथे गवतसुद्धा उगवत नव्हतं तिथे, एक पेरूचं झाड कसं कोण जाणे तग धरून होतं आणि त्याचे पेरू आंबट असूनही सगळे खात. टाकी भरताना ती स्वतः टाकीला तळवा लावून उभी राहायची. उन्हात वरचा रिकामा पत्रा तापलेला असतो आणि ॲसिड असतं तिथला गार. तळवा वरून खाली आणला की कुठे भाजायचं थांबतं ते कळतं. ती रेघ वर सरकताना हाताखाली जाणवते. हे तिला पेंढारकरांनी शिकवलं होतं. ती नोकरीला लागली तेव्हा ते इथले सुपरवायझर होते.

पेंढारकरांनी तिला आणखी एक गोष्ट शिकवली होती.

नियम असा होता, आणि चांगला होता, की टाकी चार मीटर उंच असली तरी नव्वद टक्क्यांच्या वर भरायची नाही. वरचे चाळीस सेंटिमीटर रिकामे सोडायचे. ॲसिड उन्हाने फुगतं, माल सोडणं बंद केल्यावरही होजच्या नळीत उरलेलं आत येतं, शिवाय माणूस चुकतो. या सगळ्यासाठी ती जागा. पण व्हायचं काय, की टाकी पुरती खाली उतरायच्या आत पुढचा टँकर दारात उभा. पूर्ण माल घेतला तर पातळी रेघेच्या थोडी वर जाणार. अर्धा माल घेऊन टँकर परत पाठवला की वरून फोन, आवाज चढवून. मग पेंढारकरांनी तोडगा काढला. काठीवर दिसेल त्याच्यापेक्षा वहीत एक वीत कमी लिहायचं. एक वीत म्हणजे पेंढारकरांची वीत, बावीस सेंटिमीटर. काठीवर तीन मीटर दहा दिसलं की वहीत दोन अठ्ठ्याऐंशी. कागदावर रेघ पाळली जाते आणि पूर्ण टँकर आत मावतो.

"फक्त वहीत वीत कमी आहे हे डोक्यात ठेवायचं," ते म्हणायचे, "आणि हात टाकीवर ठेवायचा."

द्वारका पुढे सुपरवायझर झाली तेव्हा तिनेही नव्या ऑपरेटरांना हेच शिकवलं. कुणी कधी कुठे लिहून ठेवलं नाही. लिहिण्यासारखी ती गोष्टच नव्हती. दारातून आत येताना चप्पल काढावी तशी ती सवय होती. आणि यंत्र शिकत होतं त्या सहा महिन्यांतही सगळे नेहमीसारखंच लिहीत राहिले.

*

कंपनीच्या गेटासमोर रस्त्यापलीकडे रसूल चौगुलेचं पंक्चरचं दुकान होतं. अकरा वर्षं द्वारका रोज सकाळी त्याच्यासमोरून जात होती आणि अकरा वर्षं तो तिला पाहिलं की स्टूल फिरवून भिंतीकडे तोंड करून बसत होता. भिंतीवर टायर टांगलेले होते.

पूर्वी तो टँकर चालवायचा. आवारात आला की लांबूनच "ताई, जागा ठेवलीय ना?" असं ओरडायचा. ईदला शिरखुर्मा आणायचा आणि ती खाईपर्यंत समोरून हलायचा नाही.

त्या दिवशी गौरी यायच्या होत्या. द्वारकाला दोन वाजता निघायचं होतं, घरी तेरड्याची रोपं यायची होती, सून माहेरी होती. रसूलचा टँकर दीड वाजता आला. ती टाकीवर चढली नाही. आधीच्या पाळीच्या ऑपरेटरने पाटीवर पातळी लिहून ठेवली होती. तिने तोच आकडा घेतला, त्यातून सवयीने एक वीत कमी केली आणि वहीत टाकला. पाटीवरचा आकडाही वीत कमी करूनच लिहिलेला होता, हे तिच्या मनातही आलं नाही. पाटीवर खरं लिहायचं आणि वहीत कमी करायचं, असा तिचा समज होता. त्या ऑपरेटरचा समज वेगळा होता. इतक्या वर्षांत हे कधी बोलायची वेळच आली नव्हती.

"जागा आहे, सोडा," तिने सांगितलं, आणि त्या दिवशी तिचा हात टाकीवर नव्हता. ती ऑफिसात पिशवी भरत होती.

दोन विती म्हणजे चव्वेचाळीस सेंटिमीटर आणि मोकळी जागा होती चाळीस. टाकीच्या माथ्यावर हवा बाहेर जायची वाकडी नळी असते, तिच्यातून ॲसिड उसळलं. रसूल खाली व्हॉल्व्हपाशी वर बघत उभा होता.

चौकशीत वही पुढे आली. वहीप्रमाणे टाकी नव्वद टक्क्यांवर थांबायला हवी होती. तेव्हा पंप नव्हता, ड्रायव्हरच हवेच्या दाबाने माल टाकीत ढकलत. म्हणजे ड्रायव्हरने दाब जास्त दिला असणार आणि तो आत घुसून ॲसिड उडालं असणार. निष्काळजीपणा. त्याचं लायसन्स गेलं. उजवा डोळा तर त्याच दिवशी गेला होता. द्वारकाला चौकशीत एकच प्रश्न विचारला गेला, वहीतला आकडा तुमच्या हातचा आहे का. तिने हो म्हटलं. हे उत्तर खरं होतं. त्याच्याआड ती अकरा वर्षं बसून राहिली.

तो दुसरा ऑपरेटर पुढे काविळीने गेला. मग दोन वितींचं हे जाणणारं तिच्याखेरीज कुणीच उरलं नाही.

*

"सगळं जुळतं," नाझनीन म्हणाली.

सकाळचे दहा वाजले होते. ती चार नंबरच्या टाकीच्या सावलीत पायऱ्यांवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. द्वारकाला तिने निरोप पाठवून बोलावून घेतलं होतं आणि बसायला सांगितलं नव्हतं.

"पंधरा वर्षांच्या वह्या मी यंत्राला वाचायला दिल्या. वजनकाट्याच्या पावत्या दिल्या. टँकर किती भरून आला, किती रिकामा होऊन गेला, टाकी किती चढली, आत कारखान्यात किती गेलं. कुठे म्हणून फरक नाही. त्या दिवशी थोडा आहे, पण तो ॲसिड सांडल्याने आहे असं धरता येतं."

"मग बरंच झालं की."

"मला किळस येते त्याची. माणसांनी लिहिलेलं इतकं जुळत नसतं." तिने लॅपटॉप मिटला. "तुम्ही खोटं लिहिलंय, द्वारकाबाई. मी याच कंपनीचं काम का मागून घेतलं असं वाटतं तुम्हाला? तुम्ही काहीतरी केलंय आणि ते मला सापडत नाही."

सापडणार नव्हतंच. द्वारकाला शाळेतलं गणित आठवत नसलं तरी हे कळत होतं. वजनकाटा फक्त वाढलं किती आणि घटलं किती हे सांगतो. सगळ्याच आकड्यांतून एकसारखी वीत काढली तर वाढ तीच राहते, घट तीच राहते. एखादा एकदा खोटं बोलला तर ते वेगळं दिसतं. सगळे रोज सारखंच खोटं बोलले तर ते कशाशी ताडून बघणार? तळ उघडा पडेपर्यंत टाकी कधी रिकामी होत नव्हती आणि खरा आकडा कुठे नव्हताच.

"काही बोलायचंय?" नाझनीनने विचारलं.

"उन्हात बसू नका. इथे वाफ असते."

"तुमची काळजी नकोय मला."

त्याच आठवड्यात कारखान्याचे प्रमुख देवस्थळी यांनी सगळ्यांना बोलावून दोन गोष्टी जाहीर केल्या. यंत्र मिलिमीटरपर्यंत अचूक असल्याचं सिद्ध झालं आहे, तेव्हा माणसाच्या चुकीसाठी सोडलेली जागा आता वाया घालवायची नाही. रेघ नव्वदवरून पंच्याण्णव टक्क्यांवर. दुसरं म्हणजे माल उतरत असताना आवारात कुणीही थांबायचं नाही, पातळी फार चढली की वाजणारा, रसूलच्या अपघातानंतर बसवलेला तरंगत्या गोळ्याचा जुना भोंगाही काढून टाकायचा. गंजलेली चार यंत्रं ठेवण्यापेक्षा चांगलं एक ठेवायचं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. द्वारकाने मनात हिशोब केला. पंच्याण्णव म्हणजे वर उरले वीस सेंटिमीटर. वीत बावीसची.

ती खुर्चीवरून उठलीच नाही, लोक निघून गेले तरी.

खोटं तेच होतं, पूर्वीइतकंच. पण पूर्वी त्या खोट्यापाशी एक माणूस उभा असे आणि त्याला ते खोटं आहे हे माहीत असे. आता खोटं यंत्रात गेलं होतं आणि ते माहीत असणाऱ्या माणसाला गेटाबाहेर काढत होते.

ती देवस्थळींकडे गेली. नव्वदच राहू द्या म्हणाली. का, असं त्यांनी विचारलं. तिने उन्हाचं कारण सांगितलं, होजचं सांगितलं, अनुभवाचं सांगितलं. देवस्थळींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की ताई, तुमचं दुःख मी समजू शकतो, खुर्ची सोडताना सगळ्यांनाच असं वाटतं. बाहेर आल्यावर ती नाझनीनकडे गेली आणि जुना भोंगा तेवढा काढू नका म्हणाली.

"कारण सांगा. ठेवते."

द्वारकाने तोंड उघडलं. समोर ती रुंद कपाळपट्टी होती.

"असंच. जुना आहे."

"मग काढते," नाझनीन म्हणाली.

*

पंच्याण्णव टक्क्यांचा पहिला टँकर आला तो द्वारकाच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. देवस्थळींनी दोन्ही कार्यक्रम एकत्र ठेवले होते. गेटाजवळ मांडव, खुर्च्या, तिच्यासाठी शाल आणि श्रीफळ. अकरा वाजले होते, ऊन कडक होतं. रस्त्यापलीकडे रसूल भिंतीकडे तोंड करून बसला होता.

तिचं कार्ड सकाळीच बंद झालं होतं. आवाराच्या जाळीच्या दाराने तिला आत घेतलं नाही.

टँकर आत जाऊन चार नंबरला जोडला गेला. भोंगा खरखरला आणि तिचाच आवाज सगळ्या आवारावर पसरला. "जागा आहे. सोडा." ड्रायव्हर हसत मांडवात येऊन बसला. देवस्थळी भाषण करू लागले. द्वारका त्यांचं काही ऐकत नव्हती. ती मांडवातल्या पडद्याकडे बघत होती, तिथे टाकीची पातळी दिसत होती. सत्तर. त्र्याहत्तर.

मग तिला टाकीच्या माथ्यावर कुणीतरी हलताना दिसलं. नाझनीन होती. टोकाच्या पट्टीने इतक्या उंचीवरचा नाद आजवर कधी ऐकला नव्हता, तो स्वतः ऐकावा म्हणून ती वर गेली होती. हवेच्या वाकड्या नळीपासून हातभर अंतरावर पट्टीला कान लावून, मान किंचित वाकडी करून ती बसली होती.

सत्त्याहत्तर.

गेटाच्या खांबावर लाल बटण होतं. द्वारकाने उठून ते दाबलं. पंप थांबला. देवस्थळींचं भाषणही थांबलं.

"थांबलं आहे," द्वारकाचा आवाज भोंग्यातून म्हणाला. "कारण सांगा."

देवस्थळी धावत आले. काय झालं विचारलं. ती वर नाझनीनकडे बघत होती. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, सगळं हिरवं होतं. चुकून हात लागला असेल, बसा ताई, असं म्हणत त्यांनी आपलं कार्ड लावलं.

"जागा आहे. सोडा."

तिने पुन्हा दाबलं.

"थांबलं आहे. कारण सांगा."

आता देवस्थळींनी तिचं मनगट धरलं. लोक खुर्च्यांवरून उठले होते. कुणीतरी म्हणालं की म्हातारीला निवृत्ती झेपली नाही, कुणीतरी हसलं. "तमाशा करू नका," देवस्थळी दातांमधून म्हणाले, "यंत्र चुकत नाही. तुमच्या मत्सरापायी सगळ्यांना वेठीला धरताय." वरून नाझनीन ओरडत होती की कोण थांबवतंय, सुरू करा. देवस्थळींनी दुसऱ्या हाताने कार्ड लावलं.

"जागा आहे. सोडा," द्वारकाचा आवाज म्हणाला.

"जागा नाही," द्वारका म्हणाली.

दोन्ही आवाज एकच होते. त्यामुळेच असेल, सगळ्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं. तिने मनगट सोडवून तिसऱ्यांदा बटण दाबलं आणि जाळीला तोंड लावून वर बघत बोलली. ओरडावं लागलं. रस्त्यापलीकडे ऐकू गेल्याशिवाय राहणार नव्हतं.

"वहीतल्या प्रत्येक आकड्यात एक वीत कमी आहे. सहा महिन्यांचे सगळे आकडे तसेच आहेत. यंत्राला आम्ही खोटं शिकवलंय. खाली उतर."

नाझनीनने पट्टीवरचा कान काढला. मग जिना उतरून आली. चालत आली, धावत नाही. जाळीचं दार तिच्या कार्डाने उघडलं आणि तिने द्वारकाला दंडाला धरून आत घेतलं, चार नंबरच्या टाकीपाशी नेऊन उभं केलं.

"दाखवा."

पट्टीवर यंत्राच्या मते पातळी जिथे होती तिथे छोटा हिरवा दिवा लागलेला होता, टाकीच्या वरच्या अंगाला. त्या उंचीवर पोचायला दोघींना जिन्याच्या दहा-बारा पायऱ्या चढाव्या लागल्या. द्वारकाने अंगठा हिरव्या दिव्यावर ठेवला. यंत्राच्या मते त्याच्या वर हवा होती, म्हणजे पत्रा तापलेला असायला हवा होता. तिने हात वरच्या बाजूला पसरला. करंगळी ताणली तिथवर लोखंड गार होतं. करंगळीच्या पलीकडे भाजत होतं.

नाझनीनने तिचा हात बाजूला केला आणि आपला ठेवला. बराच वेळ ठेवला.

"कधीपासून?"

"मी यायच्या आधीपासून."

"म्हणजे त्या दिवशीही एक वीत."

द्वारकाला इथे थांबता आलं असतं. एक वीत म्हणजे बावीस, जागा चाळीस, त्याने टाकी उतू जात नाही. उरलेला दोष रसूलच्या हवेच्या दाबावर तसाच राहिला असता.

"त्या दिवशी दोन," ती म्हणाली. "मी वर चढले नव्हते. पाटीवरच्या आकड्यातून वीत काढली, आणि तिथे ती आधीच काढलेली होती. दाब त्यांनी बरोबर दिला होता."

नाझनीन रडली नाही, हातही उगारला नाही. टाकीकडेच बघत म्हणाली, "मी अकरा वर्षं हे यंत्र घडवलं. आणि त्याला शिकवलं कुणाकडून, तर तुमच्याकडून." मग तिने द्वारकाला पुढे घालून खाली उतरवलं आणि शिपायाला सांगितलं की या बाईंना गेटाबाहेर नेऊन सोडा, यांचं कार्ड बंद आहे.

शाल खुर्चीवरच राहिली.

*

पुढचं बरंचसं कागदांत झालं. द्वारकाने जबाब लिहून दिला, सही केली. जुनी चौकशी पुन्हा उघडली गेली. कंपनीने टाक्या एकेक करून खरोखरच रिकाम्या केल्या आणि नाझनीनने यंत्राला पहिल्यापासून शिकवलं, मोजून, तळापासून. रेघ परत नव्वदवर आली. ऑपरेटरांच्या घरी द्वारकाचं जाणंयेणं बंद झालं. त्यांच्याही सह्या त्या वह्यांवर होत्या आणि तिने तोंड उघडल्याने सगळ्यांना नोटिसा गेल्या होत्या. वाटेत भेटलेली माणसं तिच्याकडे न बघता पुढे जात.

आवाज मात्र तिचाच राहिला. नाझनीनने तो काढायला नकार दिला, असं कुणीतरी सांगितलं. का, ते सांगितलं नाही.

दोन महिन्यांनी द्वारका रसूलच्या दुकानात गेली. तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. स्टूल फिरवलं नाही, हात कामात होते म्हणून असेल. बसा म्हणाला नाही.

"लायसन्स परत देणार म्हणतात," तोच बोलला. "कागद आलाय. एका डोळ्याच्या माणसाला टँकर कोण देतो ते कागदात नाही."

ती उभीच राहिली.

"किती होतं ते?" त्याने विचारलं.

"चव्वेचाळीस सेंटिमीटर."

"आकडा नको. दाखव."

पूर्वी तो तिला ताई म्हणायचा. द्वारका त्याच्या लाकडी बाकाशी वाकली. कडेला अंगठा टेकवला, वीत ताणली, करंगळी होती तिथे पुन्हा अंगठा आणला, पुन्हा ताणली. पेंढारकरांच्या विती तिच्या हाताला थोड्या मोठ्या पडत, म्हणून बोटभर पुढे सरकवून तिथेच हात धरून राहिली.

रसूलने डाव्या डोळ्याने नीट पाहिलं. पंक्चरची जागा खुणेने दाखवायला असतो तो खडू उचलला आणि तिने मोजलेल्या अंतराच्या दोन्ही टोकांना बाकावर रेघा मारल्या.

"एवढंच," तो म्हणाला.

तिने हात उचलला. रस्त्यापलीकडून टँकर आत गेला आणि थोड्या वेळाने भोंगा खरखरला. "जागा आहे. सोडा." दोघांनीही तिकडे पाहिलं नाही. "जा आता," रसूल म्हणाला.

महिन्याने ती दुकानावरून जात होती. तो आत कुठेतरी होता, स्टूल रिकामं होतं. खडू पुसला गेलेला असेल असं तिला वाटलं होतं. बाकावर तेलाचे हात फिरतात, टायर घासले जातात. रेघा नव्हत्याच. त्यांच्या जागी दोन्ही टोकांना एकेक खिळा ठोकलेला होता, माथ्यापर्यंत लाकडात गेलेला.